दांडीवरचा कोट

शिपायाने खुंटीवरचा कोट काढला आणि बाकावर बसलेल्या हातोड्याने उठून त्याच्या कानाखाली वाजवली. डाव्या हाताने वाजवली, म्हणून ती कानाखाली न बसता मानेवर बसली, पण बसली. शिपाई बिचारा कोट पोटाशी धरून भिंतीवर आपटला. कामगार न्यायालयाच्या त्या अंधाऱ्या बोळात बाकांवर ताटकळत बसलेली माणसं एकदम उभी राहिली. "वकीलसाहेबांचा कोट आहे हा! त्यांनीच आणायला सांगितलाय," शिपाई ओरडला, "तुमच्या बापाचं काय गेलं?" खरंच, काय गेलं होतं? हातोड्याला धड सांगता येईना. त्याला एवढंच कळलं होतं, की कोट निघाला, म्हणजे आता लोखंड येणार. पाठ आपोआप भिंतीला चिकटली होती, पोट आत ओढलं गेलं होतं. कोट काढणाऱ्याला आधी आडवा करायचा, बाकीचं मागाहून बघू, एवढंच अंगाला सुचलं. "अहो, बसा. बसा खाली," बायको म्हणाली. मग ती शिपायाकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं हो त्यांचं, मनावर घेऊ नका. अपघातापासून असं होतं कधी कधी." कधी कधी! किती सफाईने म्हणाली. शेजाऱ्यांना, घरमालकाला, दुकानदाराला ती वर्षानुवर्षं हेच सांगत आलेली होती, फक्त तेव्हा अपघात नव्हता. हातोड्या बाकावर बसला. दंडापासून रिकामी असलेली उजवी बाही तिने सेफ्टी पिनेने खांद्याला नीट अडकवली होती, ती सुटली होती. ती तिने पुन्हा अडकवली. तिची बोटं त्याच्या गळ्याजवळून फिरली तेव्हा त्याला वाटलं, हिची मनगटं धरून पिळावीत. का, ते काही सांगता येत नाही. वाटलं, एवढं खरं.

हातोड्या हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. यार्डात पडलं ते. मालगाडीचे डबे एकमेकांना जोडायचे आणि सोडवायचे, हे त्याचं काम. गंजलेली पिन निघत नसली की बाकीचे हातोडी शोधायला जायचे. हा उजव्या मुठीने एक ठोसा हाणायचा आणि पिन सुटायची. लोक हसायचे, पाठीत थाप मारायचे, म्हणायचे, हा हात नाही, सरकारी मालमत्ता आहे. तर काम असं, की दोन डब्यांच्या मधे वाकून शिरायचं, साखळी उचलायची, समोरच्या हुकात टाकायची, आवळायची आणि बाहेर यायचं. माणूस मधे असताना इंजिन हलता कामा नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यासाठी नियम होता. डब्याच्या दांडीवर लाल पाटी लावायची. पाट्या होत्याही, छान रंगवलेल्या, पण यार्डमास्तरच्या केबिनमध्ये, कुलपात. चोरीला जातात म्हणून! पाटी हवी तर सगळे रूळ ओलांडून जा, मास्तरच्या शिव्या खा, पाटी घेऊन परत ये, आणि तोवर तोच मास्तर खिडकीतून बोंबलणार, "मेलात का रे सगळे? गाडी काय तुमचा आजा काढणार?" मग कुणी सुरू केलं देव जाणे, पण पाटीच्या जागी कोट आला. आत शिरताना अंगातला कोट काढायचा आणि दांडीवर टाकायचा. इंजिनाचा ड्रायव्हर खिडकीतून मागे बघतो. दांडीवर कोट आहे, म्हणजे माणूस आत आहे. कोट नाही, म्हणजे माणूस बाहेर आला, कोट घालून बाजूला झाला. मग ढकलायचं. शिट्टी नाही, हाक नाही, काही नाही. भर उन्हाळ्यात अंगाची लाही होत असताना यार्डातली माणसं कोट घेऊन कामाला जायची. नव्या माणसाला हसू यायचं, आणि काही दिवसांत तोही कुठूनतरी जुना कोट पैदा करायचा. मास्तर हे रोज बघायचा. एकाला तर तो म्हणाला होता, "अरे, जरा भडक रंगाचा घे की, लांबून दिसायला." सगळे किती हसले होते तेव्हा. आता त्यातला एकही जण ते वाक्य ऐकल्याचं कबूल करत नव्हता.

त्या सकाळी हातोड्याने कोट दांडीवर टाकला होता. त्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. थंडी होती, वारा अंगात सुया टोचत होता, आणि कोट काढताना त्याने थंडीला एक सणसणीत शिवी दिली होती, ती शिवीसुद्धा त्याला आठवत होती. मग तो वाकून आत गेला. साखळी बर्फासारखी गार. ती उचलून त्याने उजवा हात पुढे घातला, आणि समोरचा डबा अंगावर आला. सावकाश आला. लोकांना वाटतं असलं काही विजेसारखं होतं, छे, कसलं! त्याला डब्याच्या तोंडावरच्या धक्क्याची, बफरची, गोल तबकडी येताना दिसली, तिच्यावरचं काळं वंगण दिसलं, वंगणात चिकटलेलं गवताचं पातं दिसलं, आणि हात ओढून घ्यावा एवढंही त्याच्याच्याने झालं नाही. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मग तोंडावर काहीतरी गरम उडालं, आणि पहिल्यांदा त्याला वाटलं की इंजिनाचं पाणी उडालं. पलीकडे साखळी अजून धरलेली होती. धरणारी मूठ त्याची होती आणि ती त्याच्या अंगाला जोडलेली नव्हती. तो बेशुद्ध पडला नाही, हे मेलं सगळ्यात वाईट. तो दोन बफरांच्या मधे उभ्याउभ्या अडकून राहिला आणि त्याने वर बघितलं. इंजिनाच्या खिडकीत ड्रायव्हरचं तोंड होतं. ते तोंड नुसतं बघत होतं. मग ते ओरडलं, मग इंजिन मागे गेलं, मग तो पडला. पण ओरडायच्या आधी ते किती वेळ बघत होतं? तिथेच त्याचं डोकं अडायचं. दवाखान्याच्या खाटेवर, घरच्या खाटेवर, संडासात, बसमध्ये, आत्ता या बाकावर. ओरडायच्या आधी तो किती वेळ नुसता बघत होता? कारण ड्रायव्हर कुणी परका नव्हता. बायकोचा सख्खा मोठा भाऊ होता.

आणि त्याच आठवड्यात, तीन-चार दिवस आधी, मेहुणा घरी आला होता. न सांगता आला. बायकोचा डावा डोळा सुजून बंद झालेला होता आणि ओठ फाटलेला होता. हातोड्या जेवत होता. कशावरून झालं होतं ते आता आठवत नाही, कशावरूनही व्हायचं. भाजीत मीठ, दाराची कडी, तिचं गप्प बसणं, तिचं बोलणं. तो घरी यायचा तेव्हा दिवसभर लोखंडाला दिलेले ठोसे त्याच्या दंडात शिल्लक असायचे आणि ते कुठेतरी निघायचे. तेव्हा ते त्याला असंच वाटायचं, आणि त्यात काही गैर आहे असं कुणी म्हटलं तर त्यालाही एक ठेवून द्यावीशी वाटायची. मेहुण्याने बहिणीचं तोंड दिव्याकडे वळवून बघितलं. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. पाण्याचा पेला उचलून थोडं पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुन्हा हिला हात लावलास, तर तो हात जागेवर राहणार नाही. बोललो म्हणून समज." हातोड्या हसला होता. "तू? इंजिनाचा दांडा ओढून ओढून मनगटं बघ स्वतःची!" म्हणाला होता. मेहुणा निघून गेला. आणि तो गेल्यावर हातोड्याने पुन्हा तिला मारलं, भावाला बोलावलं म्हणून. तिने बोलावलं नव्हतं. त्यानंतर तीन-चार दिवसांनी हात जागेवर राहिला नाही. आता सांगा, माणसाने काय समजायचं?

त्याने हे सगळं वकीलबाईंना सांगितलं होतं. संघटनेने दिलेल्या वकीलबाई. बारीक, चष्मा लावणाऱ्या, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत कायदा पोळीसारखा लाटून त्याच्यापुढे ठेवला होता. कामावर असताना इजा झाली की भरपाई मिळालीच पाहिजे, चूक कुणाची हा प्रश्नच नाही, तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. फक्त एक खोच आहे. कामगाराने सुरक्षेचा नियम माहीत असून जाणूनबुजून धाब्यावर बसवला असेल, तर रेल्वे हात झटकू शकते. आणि रेल्वे म्हणते, लाल पाटी कुठे होती? तर आपण दाखवायचं, की पाट्या कुलपात होत्या, यार्डात कोटाची पद्धत होती, आणि वरच्यांना ती ठाऊक होती. नियम नुसता कागदावर होता. एकाने कुणी तोंड उघडलं तरी पुरे. मग हातोड्याने मेहुण्याची धमकी सांगितली, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "घरचं भांडण आत आलं, की ते म्हणतील हा अपघातच नाही, सूड आहे, आमचा काय संबंध? तुम्हाला एक छदाम मिळायचा नाही. कळलं?" कळलं. त्याने ते गिळलं. आणि गिळलेलं पोटात कुजत राहिलं. रात्रंदिवस नसलेली मूठ आवळलेली असायची; बोटं नव्हती, पण नखं तळव्यात रुतायची, आणि ती मूठ त्याला उघडता येत नव्हती. बायको त्याला आंघोळ घालायची, बटणं लावायची, घास कालवून द्यायची. एकदा त्याने चिडून डाव्या हाताने वाटी भिरकावली. वाटी तिच्यापासून चांगली दोन हात लांब जाऊन पडली. ती दचकलीसुद्धा नाही. आरामात उठली, वाटी उचलली, फरशी पुसली, आणि पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होती. इतक्या वर्षांत त्याने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या गुणगुणण्याने त्याच्या मस्तकात अशी तिडीक गेली, की त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

पुकारा झाला. आत खोली लहान होती, पंखा नुसता करकरत होता, खिडकीची काच मळून पिवळी झाली होती. न्यायाधीश वयस्कर, सर्दीने हैराण, सारखा रुमाल नाकाला. त्यांच्या खाली टायपिस्ट. रेल्वेचा वकील तो कोट चढवून तयार उभा होता आणि शिपाई मान चोळत दाराशी. एकेक करून यार्डातली माणसं आली. ज्यांच्याबरोबर त्याने एका डब्यात जेवण केलं होतं, ज्यांच्या जागी उभं राहून जादा पाळ्या केल्या होत्या, ती माणसं. "कोट? नाही बुवा. आम्ही पाटीच लावतो." "कोट कशाला अडकवू साहेब? थंडी वाजेल की." सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्यांचंही बरोबर होतं. पद्धत कबूल करणं म्हणजे आम्हीही रोज नियम मोडतो असं लिहून देणं, आणि मग दुसऱ्या दिवशी घरी बसणं. यार्डमास्तर आला, त्याने केस विंचरले होते. "या कामगाराचा स्वभाव मुळातच बेदरकार, साहेब," तो म्हणाला. "हाताने पिना तोडायचा. कितीदा समजावलं." हातोड्या बाकाची कड धरून बसला होता. कड धरली नसती तर तो कधीच उठला असता. वकीलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता एकच राहिलाय. तुमचा मेहुणा. शांत बसा, पाया पडते." बायको मागच्या बाकावर होती. भाऊ आत आला तसा तिने पदर तोंडाशी धरला.

मेहुणा वाळला होता. त्याने हातोड्याकडे बघितलं नाही. शपथ घेतली, नाव सांगितलं, किती वर्षं इंजिन चालवतो ते सांगितलं. रेल्वेच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, त्या दिवशी लाल पाटी दिसली? नाही. दुसरी काही खूण? नाही. यार्डात कोट अडकवायची काही पद्धत असल्याचं हे म्हणतात, ती तुम्हाला माहीत आहे? मेहुण्याने साक्षीदाराचा कठडा धरला. पंखा करकरला. "नाही," तो म्हणाला, "मला असलं काही माहीत नाही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, खाली बघत म्हणाला, "त्याने स्वतःची काळजी घ्यायला हवी होती."

हातोड्याला उठल्याचं कळलं नाही. मधलं टेबल उलटलं, शाईची बाटली फुटली, वकीलबाईंचा चष्मा कुठेतरी गेला. त्याने डाव्या मुठीने मेहुण्याच्या तोंडावर असा ठोसा हाणला की नाकाचं हाड मुठीखाली सरकलेलं त्याला जाणवलं. आणि तो ठोसा बसला! इतके महिने जो हात सदऱ्याचं बटण लावू शकत नव्हता, तो बरोबर बसला. दुसरा जबड्यावर, तिसरा कानशिलावर. मेहुणा कठड्यावरून मागे पडला, हातोड्या त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि त्याने गळा धरला. "मुद्दाम केलंस!" तो ओरडत होता. "बोल, साल्या! हात ठेवणार नाही म्हणाला होतास! बघत होतास वरून! मुद्दाम केलंस!" वकीलबाई मागून किंचाळल्या, "अहो, गप्प बसा, गप्प बसा!" शिपायाने त्याला कंबरेतून ओढलं, आणखी दोघांनी ओढलं, पण गळ्यावरची पकड सुटेना. मेहुण्याचं तोंड रक्ताने भरलं होतं, दातांची फट लाल दिसत होती, आणि त्या फटीतून तो जीव खाऊन ओरडला, "कोट नव्हता! कोट नव्हता रे दांडीवर! दोनदा बघितलं मी! कोट नव्हता म्हणून ढकलली! कोट असता तर ढकलली असती का मी, हरामखोरा? रोज तुमचे कोट बघून बघून डोळे फुटले माझे! खाली पडला होता तुझा कोट, रुळात, वाऱ्याने! नंतर मीच उचलला! माझी बहीण आहे तुझ्या घरात, तिला रांडकी करू मी?"

हातोड्याची पकड आपोआप ढिली झाली. पहिल्यांदा सावरल्या त्या वकीलबाई. चष्म्याविना, पदरावर शाई सांडलेली, तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साक्षीदाराचं आत्ताचं बोलणं नोंदवून घ्यावं, महाराज. 'रोज तुमचे कोट बघून.' रोज!" रेल्वेचा वकील हरकत घ्यायला उठला. म्हणाला, ही साक्ष नव्हे, ही गळा दाबून काढलेली आरोळी आहे. न्यायाधीशांनी नाक पुसलं. मेहुण्याला उठवून बसवायला लावलं, पाणी द्यायला लावलं, आणि विचारलं, "आता तुमच्या गळ्यावर कुणाचा हात नाही. खरं काय ते सांगा." मेहुण्याने पाण्याबरोबर एक दात पेल्यात थुंकला. मग म्हणाला, "खरं तेच बोललो साहेब. सगळे कोटच लावतात. मास्तरला माहीत आहे. नोकरी जाईल म्हणून नाही म्हटलं." न्यायाधीश लिहून घ्यायला सांगू लागले. टायपिस्टने मान वर करून विचारलं, "शिव्यांसकट घेऊ का, साहेब?" मागे कुणीतरी खुदकन हसलं.

हातोड्या जमिनीवर बसून होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. हक्काचं मिळणार होतं, मास्तरचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. पण त्याच्या आत सगळं रिकामं होत चाललं होतं. इतके महिने तो त्या खिडकीतल्या तोंडावर जगला होता. झोप आली नाही की तो ते तोंड समोर आणायचा आणि त्याला ठेचायचा, आणि ठेचता ठेचता झोपी जायचा. आता ते तोंड समोर ठेचलेलं होतं आणि मेहुण्याने मुद्दाम काही केलेलं नव्हतं. वारा आला होता. वाऱ्याने कोट पडला होता. वाऱ्याला कुठे धरून मारायचं? त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा इतका राग आला, की त्याने फरशीवर मूठ आपटली. मग पुन्हा आपटली. शिपायाने त्याचा खांदा धरला, म्हणाला, "पुरे आता, बाबा."

बायको मागच्या बाकावरून उठून आली होती. ती आधी भावाजवळ बसली. पदराने त्याचं तोंड पुसलं, नाकाला हात लावून बघितला, तो कळवळला तशी तिनेही दात आवळले. "नोकरी गेली ना रे, दादा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "जाऊ दे." ती त्याला धरून उभं करू लागली. हातोड्याही धडपडत उठला. निघायचं असलं की तो तिच्या मागून निघायचा, अलीकडे तीच वाट काढायची, गर्दीत त्याची मोकळी बाजू सांभाळायची. तसाच तो निघाला. ती थांबली. तिने त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटांच्या पेरांवरचं कातडं सोललं होतं, त्यात तिच्या भावाचं रक्त होतं की त्याचं, काही कळत नव्हतं.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "यार्डात संपलं ते."

"अगं, मी तुला कुठे..." तो म्हणाला.

"तुम्ही थांबा. तुमचं काम आहे अजून इथे." आवाज चढवला नाही तिने. शिपायाला म्हणाली, "भाऊ, एवढं दार धरता का जरा?" शिपायाने दार धरलं. दोघं बहीणभाऊ एकमेकांना सावरत बोळातून गेली, आणि ती वळली नाही.

वकीलबाईंना चष्मा सापडला होता, एक काच तडकलेला. त्या हसत होत्या. "जिंकलो आपण! मारामारीची माफी मागावी लागेल, काहीतरी दंड होईल, पण हक्क काही कुणी नाकारू शकत नाही आता. इथे सही करा." त्यांनी कागद पुढे केला आणि अर्धवट भरलेल्या रकान्याकडे बघून विचारलं, "पैसे घरी येतील. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

हातोड्याने दाराकडे बघितलं. शिपाई अजून दार धरून उभा होता.

"लिहा," तो म्हणाला, आणि पुढे काय लिहायचं ते त्याला सांगता येईना.